‘धाग्याचा राजा’ : एक अभिप्राय

“आक्का, तुम्ही नुसतं उतरवून काढायचं. डोकं आम्ही चालवलंय,” असं म्हणत दिगूनं एक टाइप केलेला कागद माझ्या पिकोच्या मशिनवर ठेवला.

मी मशिनवरचा पाय काढला नाही. एका नवरीच्या शालूला फॉल लावणं चाललं होतं आणि तो संध्याकाळी द्यायचा होता. तिरक्या डोळ्यानं पहिली ओळ तेवढी वाचली. ‘प्रत्येकाने सहकुटुंब पाहिलाच पाहिजे असा प्रेरणादायी चरित्रपट.’

“सिनेमा लागणार उद्या दुपारी, आणि अभिप्राय आज आला?” मी म्हणाले. “पोर जन्मायच्या आधीच बारसं उरकायलाय व्हय रं?”

“विश्वजितदादांच्या ऑफिसातनं आलंय, आक्का. मी नुसता पोस्टमन.”

“मग पोस्टमनसारखं वाग. टपाल टाकलंस, आता सायकल काढ.”

दिगू पोवार म्हणजे आमच्या अवचित तरुण मंडळाचा अध्यक्ष. वयानं माझ्याहून लहान, पोटानं मोठा. मीनाक्षी टॉकीजसमोरच्या चौकात मंडळाचा काळा फळा होता. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात गावच्या खबरी असायच्या. कोण वारलं, कुणाचं रक्षाविसर्जन कधी, कुठल्या गल्लीला पाणी येणार नाही. खालचा अर्धा भाग दर शुक्रवारी माझा. पहिला खेळ बघायचा, बाहेर यायचं, खडू घ्यायचा आणि सिनेमाचं नाव, प्रकार, मत असं चार-सहा ओळींत लिहायचं. मला हे काम कुणी दिलं नव्हतं. एकदा तिकिटाला पैसे घालून डोकं इतकं तापलं की मी खडू उचलला, आणि दुसऱ्या आठवड्यात लोकच विचारत आले, आक्का, ह्या शुक्रवारचं काय?

लोक आधी फळा वाचायचे आणि मग तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे. टॉकीजचा मॅनेजर मला चहा पाजायचा आणि पाठीमागं शिव्या द्यायचा. मी दोन्ही गोड मानून घेतलं.

कारण मी खोटं लिहीत नव्हते. मारधाडीच्या सिनेमावर मी लिहिलं होतं, ‘हिरोने बाजारात वीस माणसे लोळवली. ज्या म्हातारीची भाजीची गाडी उलथली तिच्याकडे कुणी वळून बघितले नाही. टोमॅटोसाठी जीव हळहळला.’ प्रेमकथेवर लिहिलं होतं, ‘दोघे बर्फात नाचतात. तिच्या अंगावर शिफॉन, त्याच्या अंगावर कोट. प्रेम असते तर कोट दिला असता.’ भुताच्या सिनेमाला मी अजिबात भ्याले नाही. ‘भुताच्या साडीला फॉल लावलेला आहे. मेल्यावर कोण लावून देते, पत्ता कळवावा.’ पौराणिकाला सोडून दिलं, ढग कापसाचे होते, आणि आमचं गावच सुताचं. कौटुंबिक सिनेमावर मात्र माझा दात होता. ‘सून अडीच तास रडते आणि सासू शेवटच्या पाच मिनिटांत सुधारते. अशी सासू कुणाच्या घरी असल्यास दाखवावी, ओवाळून येईन.’ त्या शुक्रवारी गल्लीतल्या तीन सासवा माझ्याकडची पिकोची कामं परत घेऊन गेल्या. बायका मात्र फळ्यापुढं उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“आक्का, एक गोष्ट सांगू का?” दिगू अजून दारातच होता. आवाज त्यानं खाली आणला. “सिनेमात तुमच्या वडलांचंबी काम हाय.”

माझा पाय थांबला. सुई शालूत तशीच रुतून राहिली.

“बाबांचं? कसलं काम?”

“ते... उद्या बघा की. पास ठेवून जातो.” माझ्या डोळ्याला डोळा न देता त्यानं दोन पास कागदावर ठेवले. “फक्त एवढं ध्यानात असू द्या, आक्का. मंडळाचा नवा हॉल दादांनी बांधून दिलाय. फळा मंडळाचा हाय.”

तो गेला. आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती. हाताला पीठ लागलेलं होतं, म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं.

“ह्यांचं काम हाय सिनेमात?” तिनं विचारलं.

“असं म्हणतोय.”

“मग मी येणार.”

माझी आई, अनुसया लोखंडे, जन्मात सिनेमाला गेली नव्हती. टॉकीजच्या दारापर्यंत मात्र ती कित्येकदा आली होती, बाबांची जेवणाची पिशवी घेऊन.

इथं बाबांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझे वडील, यशवंता लोखंडे, खराडे सायझिंगमध्ये कामाला होते. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, तो कारखाना म्हणजे सायझिंग. एके दिवशी रोलरमध्ये सूत गुंतलं. मशिन बंद केलं तर मालाचं नुकसान, म्हणून चालू मशिनवरच सोडवायचा हुकूम झाला. बाबांनी दोन्ही हात घातले, आणि रोलरनं दोन्ही हातांचे अंगठे मुळापासून नेले.

अंगठे नसले की काय काय अडतं, ते अंगठेवाल्यांना कळत नाही. शर्टाची बटणं आई लावायची, चड्डीची नाडी आई बांधायची. भाकरीचा घास ते चार बोटांच्या बेचक्यात धरून तोंडात सारायचे. बिडी तेवढी सुटली नाही. काडी मात्र ओढता येत नव्हती. पेटी धरावी तर काडी निसटायची, काडी धरावी तर पेटी. म्हणून खिशात काडेपेटी ठेवायची, ओठांत बिडी धरायची, समोर येईल त्याच्यापुढं तोंड करायचं आणि म्हणायचं, “पेटव रं.” घरी आई पेटवायची. बाहेर सगळी गल्ली पेटवायची. लहान असताना मीसुद्धा पेटवलीय, आणि त्यावरून आईचा मार खाल्लाय.

बाबांनी मालकाकडं, म्हणजे तात्यासाहेब खराड्यांकडं, भरपाई मागितली. आज ये, उद्या ये, असं सुरू झालं. तशातच एका संध्याकाळी सायझिंगचं सुताचं गोदाम जळालं, आणि रात्र पडायच्या आत गावभर झालं, येशानं लावली. पोलिसांनी नेलं, दोन दिवस ठेवलं, काहीच हाती लागेना म्हणून सोडलं. खटला नाही, शिक्षा नाही. पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं म्हणणारी माणसं गावात ढिगानं असतात. तात्यासाहेबांनी विम्याच्या पैशात नवं सायझिंग उभं केलं, जुन्या कामगारांना परत घेतलं आणि बाबांना तेवढं दारात उभं केलं नाही.

मग बाबा मीनाक्षी टॉकीजच्या दारात शेंगा विकायला बसले. पुड्या मी आणि आई बांधून द्यायचो. डोअरकीपर भला माणूस होता, मला आत सोडायचा. सिनेमाचं वेड मला लागलं ते असं, थर्ड क्लासच्या पायरीवर बसून. खेळ सुटला की घरी जाताना बाबा विचारायचे, “कसा हुता?” मी हिरोच्या उड्या सांगायला लागले की म्हणायचे, “त्यो काय करतोय ते सांगू नगंस. त्याला ते करता येतं का, ते सांग. हात बघायचं माणसाचं. तोंड खोटं बोलतंय, हात न्हाई बोलत.” तेव्हापासून मी पडद्यावर हात बघते. आई झालेली नटी भाकरी थापायला बसली की मी तिचे हात बघते, आणि दहातल्या नऊ वेळा माझं डोकं फिरतं.

बाबा गेले ते त्याच डागासकट गेले. तिरडी उचलताना मागं कुणीतरी हळूच म्हणालंच, “काडीवाला गेला.” ते मी ऐकलं होतं, आणि विसरले नव्हते.

आता तात्यासाहेबांच्या पश्चात त्यांच्या मुलानं, विश्वजितनं, बापावर सिनेमा काढला होता. ‘धाग्याचा राजा’. आणि त्यात माझ्या बापाचं काम होतं.

“चांगलंच दाखवलं असंल का गं?” रात्री जेवताना आईनं विचारलं. “मालक आता न्हाई राहिला. पोरगं शिकल्यालं हाय. त्याला वाटलं असंल, झालं गेलं, एकदा त्या माणसाचं नाव धुवून काढावं.”

दिगूनं डोळा चुकवला होता, ते मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पास मी मशिनवरच ठेवले आणि रांगेत उभी राहून दोन तिकिटं काढली. फुकटच्या पानावर बसलं की शिव्या घालता येत नाहीत.

टॉकीजला तोरणं, दारात ढोल-ताशा, तात्यासाहेबांच्या मोठ्या चित्राला हार. सायझिंगच्या सगळ्या कामगारांना सुट्टी आणि डोक्यावर एकसारख्या नव्या टोप्या. बाल्कनीत प्रतिष्ठित मंडळी, खाली आम्ही. आमच्या पुढच्याच रांगेत सर्जेरावमामा बसले होते. हे सर्जेराव बाबांचे जोडीदार, एकाच पाळीत, एकाच मशिनवर असायचे. आगीनंतर नव्या सायझिंगमध्ये ते मुकादम झाले. बाबांसारखंच त्यांच्या नावाचंही सिनेमात एक पात्र होतं, मालक दिसले की हात जोडणारं.

“भावजी, बरं हाय न्हवं?” आईनं विचारलं.

“व्हय वैनी,” मामा म्हणाले आणि झटकन पडद्याकडं वळले. पडद्यावर तेव्हा नुसती तंबाखूची जाहिरात होती.

पहिल्या अर्ध्यात तात्यासाहेब अनवाणी चालतात. लहानपणी उपाशी झोपतात. तरुणपणी एक माग डोक्यावर घेऊन डोंगर चढतात. अहो, लाकडी माग म्हणजे काय वैरणीचा भारा आहे? आमच्या गावात डोंगर तरी कुठं आहे? नट तुटलेला धागा जोडत होता, आणि गाठ अशी मारत होता की बुटाची नाडी बांधतोय. मी मनातल्या मनात खडू परजत होते. आई मात्र भक्तिभावानं बघत होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, “आलं का गं ह्यांचं?”

मध्यंतरानंतर आलं.

आधी नुसते पाय आले, चिखलाचे. मग चौकड्याची लुंगी, गळ्यात काळा ताईत, हातात बाटली. लालभडक डोळ्यांचा तो माणूस कामगारांच्या बायकांकडं बघून जीभ फिरवत होता. मागून तात्यासाहेबांचा कळवळलेला आवाज आला, “येशा, अरे दारू सोड! मी तुला भावासारखं मानतो!”

येशा. नावसुद्धा बदललं नव्हतं.

थर्ड क्लासमधून आरोळी उठली, “आला रं आला, काडीवाला आला!” आणि सगळं थिएटर हसलं, शिट्ट्या सुटल्या. त्या अंधारात मला एकेक आवाज ओळखू येत होता. ह्यांनी बाबांच्या हातच्या शेंगा खाल्ल्या होत्या. ह्यांच्यातल्या निम्म्यांनी बाबांची बिडी पेटवून दिली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आई, ऊठ. घरी चल.”

आईनं माझं मनगट धरलं. पकड अशी की बांगडी रुतली. “बस खाली. काय काय करतोय ते मला बघू दे.”

येशानं बायकोला मारलं. मालकाकडं दारूला पैसे मागितले. अंगठ्यांचा, रोलरचा, भरपाईचा कुठं उल्लेख नव्हता. तो कसा असेल? अंगठे गेलेले दाखवले असते, तर भरपाई का दिली नाही तेही दाखवावं लागलं असतं. म्हणून सिनेमातल्या येशाला काही झालंच नव्हतं. तो नुसताच मुळापासून वाईट होता.

मग आगीचा प्रसंग आला. अंधारी रात्र, ढोलांचा आवाज, येशा गोदामापाशी येतो. बाटलीतलं रॉकेल सुताच्या गाठींवर ओततो. कॅमेरा त्याच्या तोंडापाशी जातो. ओठांत बिडी. येशा कमरेची काडेपेटी काढतो, एक काडी घेतो, हसतो, आणि ती काडी पेटीवर न ओढता, सिनेमातले खलनायक ओढतात तशी, अंगठ्याच्या नखावर ओढतो. फर्रकन जाळ उठतो. पडदाभर तो अंगठा, आणि त्याच्यामागं हसणारा माझा बाप.

आणि माझ्या शेजारी आई हसली.

हळू नाही, खळखळून हसली. अख्ख्या आयुष्यात मी तिला एवढ्या मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. “अगं शालन, बघ की गं! अंगठ्यावर काडी ओढली! ह्यांनी!”

“ए मावशी, गप्प बसा की!” मागून कुणीतरी ओरडलं.

आई उठून उभी राहिली. पडद्यावरचा जाळ तिच्या तोंडावर पडला होता. “कशापायी गप्प बसू? ह्याला अंगठा कुठनं आला ते सांगा की कुणीतरी! कवा फुटला? तीस वर्सं बटणं मी लावली त्या माणसाची! बिडी मी पेटवली! माझ्या पोरीनं पेटवली! तुमी पेटवली न्हाई व्हय रं?”

बाल्कनीत टाळ्या सुरू होत्या, कारण पडद्यावर तात्यासाहेब कामगाराचं लेकरू वाचवायला आगीत उडी घेत होते. पण खाली, नव्या टोप्यांच्या रांगांतल्या शिट्ट्या बंद पडल्या. आधी आमच्या भोवतालच्या, मग पुढच्या, मग पार पडद्याजवळच्या. पुढच्या रांगेत सर्जेरावमामांची मान छातीवर गेलेली मला दिसली. पडद्यावरचा सर्जेराव त्याच वेळी मालकाला हात जोडत होता.

डोअरकीपर बॅटरी घेऊन आला. “काकू, बाहेर चला.”

“तिकीट काढून आलोय,” मी म्हणाले. “संपल्याशिवाय उठणार नाही. तुला शेवट बघायचा असला तर बस शेजारी.”

शेवट काय सांगू? येशाला पोलीस पकडतात. तात्यासाहेब त्याला माफ करतात. येशा त्यांच्या पायावर डोकं ठेवतो. आई तोवर खाली बसली होती आणि डोळ्याची पापणी न लववता बघत होती. रडली नाही. मीही रडले नाही. रागानं माझे दात दुखायला लागले होते.

बाहेर विश्वजित खराडे लोकांचे हात हातात घेत उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मला बघून त्यानं हात जोडले. “आक्का! तुमच्या शब्दाची वाट बघतोय. कसा वाटला?”

“बाबांचे अंगठे तुमच्याच मशिनमध्ये गेले. ते सिनेमात कुठनं आले?”

तो समजूत घातल्यासारखं हसला. “आक्का, एवढे सिनेमे बघता तुम्ही. सिनेमात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं, तुम्हाला तर कळायला पाहिजे.”

“मग नाव बदलायचं स्वातंत्र्य का नाही घेतलं?”

“नावंसुद्धा काल्पनिकच आहेत. सुरुवातीला पाटी होती बघा.”

“होती की. तुमच्या वडिलांचं नाव खरं, गावाचं नाव खरं, टोप्या खऱ्या. आणि माझा बाप तेवढा काल्पनिक?”

त्याचं हसू आटलं. त्यानं माझ्या डोक्यावरून दिगूकडं पाहिलं, आणि दिगू मान हलवून फळ्याकडं पळाला.

मी त्याच्या मागं गेले. ताशेवाले गप्प झाले होते. टॉकीजमधून बाहेर पडणारी माणसं घरी न जाता चौकात थांबायला लागली. दर शुक्रवारी थांबायची, पण त्या दिवशी कुणी ‘काय आक्का, कसा?’ म्हणून विचारलं नाही. मी खडू घेतला. अक्षरं मोठी काढली.

सिनेमा : धाग्याचा राजा.

प्रकार : चरित्रपट म्हणून लावला आहे. खरा प्रकार, चमत्कारपट.

मत : यशवंता लोखंडे यांचे दोन्ही अंगठे खराडे सायझिंगच्या रोलरने नेले. भरपाई मिळाली नाही. सिनेमात त्यांना दोन्ही अंगठे परत फुटले आहेत आणि त्यातल्या एकावर काडी ओढून ते गोदाम पेटवतात. देवादिकांच्या सिनेमातही एवढा चमत्कार बघितला नव्हता.

ज्यांनी ज्यांनी त्यांची बिडी पेटवून दिली आहे, त्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा.

मी खाली शालन यशवंता लोखंडे असं पूर्ण नाव घातलं. एरवी मी नाव घालत नसे.

दिगू ओलं फडकं घेऊन उभाच होता. “आक्का, हातापाया पडतो. फळा मंडळाचा हाय.”

“आणि बाप माझा हाय. पूस तू. तू पुसशील तेवढ्या वेळा मी लिहीन. फळा नेलास तर टॉकीजच्या भिंतीवर लिहीन, भिंत रंगवलीस तर रस्त्यावर लिहीन. खडूला काय तोटा?”

तो कावराबावरा झाला. चौक भरला होता, पण एकजण ‘पूस’ म्हणेना आणि एकजण ‘ऱ्हाऊ दे’ म्हणेना. मूग गिळण्यात आमच्या गावाचा हात धरणारं कुणी नाही. शेवटी दिगूला गर्दीत सर्जेरावमामा दिसले.

“मामा, तुम्ही सांगा हिला! तुम्ही हुता की तवा तिथं. सिनेमातबी मालकाच्या शेजारी तुम्हीच हाय. सांगा, येशानं लावली का न्हाई ते!”

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. मामा फळा वाचत होते. कमी शिकलेला माणूस, ओठ हलवत एकेक अक्षर लावत होते. शेवटच्या ओळीला त्यांचे ओठ थांबले. त्यांनी डोक्यावरची नवी टोपी काढली आणि हातात चुरगाळली.

“पुसू नगंस,” ते म्हणाले.

“आं?”

“पुसू नगंस म्हणतोय न्हवं.” त्यांचा आवाज फुटला. “त्या सांजंला पाळी सुटली हुती. येशा भरपाईचं इचारायला आला हुता, गेटाबाहीर माझ्यापुढं उभा हुता. तोंडात बिडी. म्हनला, पेटव रं सर्जा. म्या काडी ओढली, आन् त्याच वक्ताला मागं गोदामातनं धूर निघाल्याला दिसला. त्याची बिडी पेटायच्या आदी गोदाम पेटलं हुतं.”

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आईनंही नव्हतं. बाबांनी पोलिसांना सांगितलं असणार, सर्जाला विचारा म्हणून. आणि सर्जाला विचारलं असणार.

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?” मी किंचाळले. “मामा, दोन दिवस मारलं त्यांना पोलिसांनी! दारात बसून शेंगा विकल्या! तुमच्या पोराबाळांनी घेतल्या शेंगा! तिरडीला खांदा दिलात तुम्ही, आणि तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाहीत?”

“पोरं ल्हान हुती, शालन. मालकानं बोलावलं. मुकादम करतो म्हनला.”

“मीपण लहानच होते!”

विश्वजितची गाडी चौकातून हॉर्न वाजवत निघून गेली, तिच्याकडं कुणी बघितलं नाही. दिगूच्या हातातल्या फडक्याचं पाणी त्याच्याच पायावर ठिबकत होतं.

मामांनी खिशातून बिडी काढली. माणूस पार गांगरला की हात सवयीचं काम करतात, तसं ते झालं असावं. बिडी ओठांत धरली, काडेपेटी काढली. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि विझली. तिसरी खाली पडली. मग त्यांनी मान वर केली. समोर आई होती.

“वैनी,” ते काडेपेटी पुढं करून म्हणाले. डोळ्यांतलं पाणी मिशीवर आलं होतं. “वैनी, जरा...”

आईनं काडेपेटीकडं पाहिलं. मला वाटलं, घेईल. जन्मभर तिनं तेच केलं होतं, समोर बिडी आली की हात आपोआप पुढं जायचा. या वेळीही तो थोडा उचलला गेला, मी बघितला. मग तिनं तो पदरात घेतला.

“भावजी,” ती म्हणाली, “तुम्हाला दोन अंगठे हाईत की.”

आणि खडूनं भरलेला माझा हात धरून ती घराच्या वाटेला लागली.